मागचं पान उलटून बघता येईल असा गुप्तहेर द्या

प्रति,
मराठी मुलांसाठी पुस्तकं छापणारे सर्व प्रकाशक
आणि जुन्या गुप्तहेर मालिकांचे हक्क ज्यांच्या ज्यांच्याकडे आहेत ते सर्व

सप्रेम नमस्कार.

मी कळव्यातल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवते. राहायला ठाण्यातच, जन्मही चेंदणीचा. माझी मागणी आधीच सांगून टाकते. ‘करमचंद’, ‘ब्योमकेश बक्षी’, ‘तहकीकात’ आणि आपल्या मराठीतल्या ‘एक शून्य शून्य’ नि ‘हॅलो इन्स्पेक्टर’ या मालिकांमधल्या निवडक कथा मराठी कॉमिक्स म्हणून छापा. मालिकेतले फोटो कापून, त्यांवर फुगे चिकटवून नको. चित्रकाराला बसवून, त्याला रीतसर पैसे देऊन आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर घालून छापा.

जुन्या आठवणींच्या ओढीने ही बाई लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. आठवणी आहेतच, त्या लपवत नाही. पण मी रोज तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर उभी असते. त्यांच्या हातात काय पडलं की ती खाली मान घालून वाचायला लागतात, हे मला डोळ्यांनी दिसतं.

१९८५ साली मी चौथीत होते. पंकज कपूरचा करमचंद तेव्हा दूरदर्शनवर लागायचा. आमच्या चाळीत टीव्ही फक्त खालच्या काकूंकडे, तोही ब्लॅक अँड व्हाइट. करमचंद सारखं गाजर खायचा आणि ते गाजर आम्हाला राखाडी दिसायचं. किटी काही बोलायला गेली की तो ‘शट अप किटी’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी अख्खी चाळ एकमेकांना तेच म्हणत असायची. एकदा संशयित सगळे समोर होते, करमचंद उलगडा करायला लागला आणि दिवे गेले. परत आले तेव्हा दुसराच कार्यक्रम चालू होता.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. खुनी कोण ते उद्या कामावर विचारून या, म्हणून मी त्यांच्या मागे लागले. बाबांनी फर्स्ट शिफ्टच्या दोघांना विचारलं आणि दोघांनी दोन वेगळी नावं सांगितली. खरं कोण सांगतंय हे कळायला मार्ग नव्हता. व्हीसीआर आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हता आणि तो भाग पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. शेवटी मी आणि धाकट्या भावाने वहीच्या मागच्या पानांवर दोन्ही शेवट काढले. चौकोन आखून, फुगे घालून, इंद्रजालमध्ये असतात तसे. खडूच्या पेटीतला केशरी खडू त्या गाजरांवर संपला.

इंद्रजाल कॉमिक्स बाबा पगाराच्या दिवशी ठाणे स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणायचे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ते १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. वेताळ आणि मँड्रेक तर सगळ्यांनाच आठवतात. त्यात रिप कर्बी नावाचा एक चष्मेवाला खासगी गुप्तहेरही यायचा आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर आला. म्हणजे परदेशी गुप्तहेर दुपारी गॅलरीत बसून वाचता येत होता, आणि आपला, रोज तोंडी असलेला करमचंद मात्र दिवे गेले की गेला.

आता २०२० कडे येते. मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शनने ‘ब्योमकेश बक्षी’ पुन्हा दाखवायला घेतलं. माझा बारा वर्षांचा भाचा आमच्याकडे अडकला होता, तो माझ्याबरोबर बघायचा. आधी कंटाळला. घोडा नाही, गाडीचा पाठलाग नाही, धोतर नेसलेली माणसं बसून बोलताहेत. तिसऱ्या-चौथ्या भागात मात्र तो एकदम म्हणाला, “मावशी, थांबव. मागे घे. त्याने आधी वेगळं सांगितलं होतं.” आमचा टीव्ही साधा, थांबवता येत नव्हता. तो चिडला. मग म्हणाला, “याचं पुस्तक नाही का? चित्रांचं?”

मराठीत असं चित्रांचं पुस्तक मला मिळालं नाही. टाळेबंदी उठल्यावर राम मारुती रोडपासून दादरपर्यंत दुकानांत विचारलं. त्याच्या त्या एका वाक्यात मात्र मला जे म्हणायचं आहे ते सगळं आलं. गुप्तहेराची गोष्ट म्हणजे वाचकाशी लावलेली पैज असते. पुरावा तुझ्यासमोर ठेवलाय, बघ सापडतो का. टीव्हीवर ती पैज एकतर्फी होते, कारण चित्र पुढे सरकतं आणि आपण त्याच्या मागे धावतो. कॉमिक्समध्ये पुरावा चौथ्या चौकोनात शांत बसून असतो. उलगडा वाचल्यावर आपण मागे जातो, बोट ठेवतो आणि स्वतःच्या डोळ्यांवर चिडतो. ते चिडणं फार गोड असतं. चित्र असल्यामुळे लेखकाला ‘कोपऱ्यात छत्री होती’ असं लिहून लक्ष वेधावं लागत नाही. छत्री नुसती असते.

छत्री उगाच लिहिली नाही. दोन वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला एक काम दिलं. चार पानांची तपासकथा काढायची, घटना शाळेतलीच. खेळाच्या खोलीची किल्ली हरवली आहे, कुणी घेतली? खारीगावचा एक मुलगा, वर्गात फारसं न बोलणारा, त्याने पावसाळ्यातला दिवस घेतला. पहिल्या पानावर शिपाईकाका सांगतात, “मी सकाळपासून इथंच बसून आहे.” चित्र साधं. टेबल, रजिस्टर, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात टेकवलेली काळी छत्री. चौथ्या पानावर मुलांचा गुप्तहेर म्हणतो, “काका, तुम्ही आत्ताच बाहेरून आलात.” वर्गाला वाटलं, हा काहीही म्हणतोय. सगळे पहिल्या पानावर परत गेले. छत्रीच्या टोकाखाली त्याने पेन्सिलने तीन थेंब काढले होते आणि फरशीवर एक बारीकसा ओघळ. छत्तीस मुलं आणि मी, कुणालाच दिसले नव्हते.

त्या दिवशी वही वर्गात फिरली, मधल्या सुट्टीत नववीत गेली, दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत आली. पहिल्या पानाचा खालचा कोपरा बोटं लागून लागून मळला. पुढची तीन पानं तेवढी मळली नाहीत. मी ती वही जपून ठेवली आहे. ग्रंथालयाच्या तासाला पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघणारी मुलं त्या चार पानांवर अर्धा तास बसली होती, आणि त्यांनी शब्दही वाचले, कारण खोटं कोण बोलतंय हे शब्दांत होतं आणि खरं काय घडलं ते चित्रात.

दुसरीकडे हे काम किती साधेपणाने झालं ते बघा. अमेरिकेत साठ-पासष्ट वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकांचं कॉमिक निघणं ही नेहमीची गोष्ट होती. ‘ड्रॅगनेट’ वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आली. डेल कॉमिक्सने १९६० मध्ये ‘पीटर गन’ काढलं, ‘७७ सनसेट स्ट्रिप’ काढलं आणि त्यातली चित्रं रस मॅनिंगसारख्या कसलेल्या चित्रकाराने काढली. १९६२ मध्ये डेल आणि त्यांच्यासाठी कॉमिक्स तयार करणारी वेस्टर्न कंपनी वेगळी झाली. वेस्टर्नने गोल्ड की नावाने स्वतःची कॉमिक्स सुरू केली, त्यात ‘हवाईयन आय’ आलं. डेलने पुढे ‘पेरी मेसन’ आणि ‘बर्क्स लॉ’ आणलं. यातल्या बऱ्याच अंकांची रीत एकच. मुखपृष्ठावर नटाचा रंगीत फोटो, आत सगळं हाताने काढलेलं. ब्रिटनमध्ये ‘लुक-इन’ साप्ताहिक १९७१ पासून १९९४ पर्यंत टीव्ही मालिकांच्या चित्रपट्ट्या छापत राहिलं. कारण तिथेही तेच होतं जे आमच्या चाळीत होतं. घरात टेप करायची सोय नव्हती. मालिका एकदा दाखवली की गेली आणि मुलांना ती हातात हवी होती.

ते सगळं उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. त्यातली मिळतील ती पानं मी इंटरनेटवर बघितली आहेत. घाईत केलेली पुष्कळ आहेत. नटाचा चेहरा जुळवण्यात चित्रकाराची सगळी शक्ती जाते आणि हातपाय लाकडाचे होतात. शिवाय ‘पीटर गन’ची निम्मी जादू हेन्री मॅन्सिनीच्या संगीतात होती. पानावर संगीत येत नाही. त्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं आणि माझ्या मते ती जागा काळ्या शाईची आहे. रात्रीचा रस्ता, एक दिवा, बाकी काळं. शाईने पान भरायची हिंमत चित्रकाराला द्यायला हवी. ‘पेरी मेसन’ या वकिलाच्या मालिकेचे डेलने दोनच अंक काढले. का ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण चित्रकार म्हणून मला अडचण समोर दिसते. कोर्टात दोन माणसं उभी राहून बोलतात. टीव्हीवर आवाज ते तोलून धरतो, पानावर मात्र नुसती डोकी आणि फुगे उरतात.

जपानी लोकांनी उलट टोक गाठलं. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेचा मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, २०१२ मध्ये तिथल्या ‘यंग एस’ मासिकात सुरू झाला, चित्रकाराचं नाव जे. मालिकेतला भाग जवळजवळ दृश्यामागून दृश्य पानावर उतरवलाय. हात विलक्षण आहे, चेहरे हुबेहूब. माझ्या मुलांना दाखवला तेव्हा ती चेहऱ्यांवर खूश झाली. मला मात्र वाटलं, हे फार आज्ञाधारक आहे. कॅमेऱ्याने जे केलं तेच पेनाने का करायचं? आपल्याच ‘सीआयडी’ने २००४ मध्ये एकशे अकरा मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, सलग एका शॉटमध्ये चित्रित केला होता. मोठं काम होतं ते. पण कॉमिक्स म्हणजे नुसते कटच. दोन चौकोनांमधली जी पांढरी पट्टी असते, तिच्यात वाचक स्वतः काहीतरी घडवतो. पहिल्या चौकोनात माणूस कपाकडे हात नेतो, दुसऱ्यात कप रिकामा. मधल्या पट्टीत कुणी काय केलं? गुप्तहेर कथेला याहून चांगली जागा मिळणार नाही. म्हणून म्हणते, मालिका जशीच्या तशी उतरवू नका. तिच्यातली पैज घ्या आणि पानाच्या रीतीने पुन्हा लावा. उलगडा नेहमी पान उलटल्यावर, डाव्या पानावर यावा. उजव्या पानावर आला तर वाचकाची नजर आधीच तिकडे जाते आणि सगळं फुकट जातं. आठवीतल्या मुलांना हे दोन तासांत कळलं.

आता मराठी फुग्यांविषयी, कारण हे कुणी बोलतच नाही. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं एका उंचीची, कॅपिटल. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार. मध्ये जोडाक्षर. दोन ओळींमध्ये जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अनुवादित कॉमिक्समध्ये हे नेहमी होतं, कारण फुगा इंग्रजीच्या मापाने आधीच काढलेला असतो. मराठी वाक्य त्यात कोंबायचं, मग अक्षर बारीक करायचं, मग मूल म्हणतं, “बाई, वाचता येत नाही.” आणि आपण म्हणतो, मुलं वाचत नाहीत! कथा मराठीतच लिहून घ्या, फुग्यांची जागा आधी आखा आणि चित्र त्याभोवती बसवा. अक्षरं हाताने काढणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. आवाजही आपले हवेत. दार धाडकन आपटतं, कळशी ठण्णकन पडते, गच्चीवरून कुणी उडी मारली तर धप्प होतं.

चित्रकार कुठून आणायचे, असा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथेतला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला, ‘टिंकल’मधला सुपंडीही त्यांचाच. राज कॉमिक्सच्या नागराजला १९८६ मध्ये पहिलं रूप दिलं ते प्रताप मुळीक यांनी, पुण्यात बसून. या देशातल्या दोन-तीन पिढ्यांनी ज्या चित्रांवर बालपण काढलं त्यातली कितीतरी मराठी हातांची आहेत. ती इंग्रजीत आणि हिंदीत गाजली, आपल्या भाषेत अनुवाद होऊन आली. माझे स्वतःचे चार माजी विद्यार्थी आज ॲनिमेशन स्टुडिओत दुसऱ्यांच्या पात्रांचे हातपाय रंगवतात. त्यांतली एक मुलगी घोडबंदर रोडवरून रोज दोन तास प्रवास करते आणि परतीच्या बसमध्ये स्केचबुकात माणसं काढते. तिने काढलेला म्हातारा बघितला की तो काहीतरी लपवतोय हे लगेच कळतं. अशी मुलगी तुम्हाला हवी आहे.

ब्योमकेशबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. मालिका १९९३ ची, दिग्दर्शक बासू चटर्जी. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. बासूदा चित्रपटात येण्याआधी कितीतरी वर्षं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायचे, हे लोक विसरतात. मला ते त्या मालिकेच्या चौकटीत दिसतं. माणसं कुठे उभी करायची, दारातून किती दिसू द्यायचं, हे चित्र काढणाऱ्या माणसाचं बघणं आहे. आणि ब्योमकेशचे निर्माते शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये चित्रपटांच्या कथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. नंतरच्या कितीतरी ब्योमकेश कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. कोलकात्याचा हा सत्यान्वेषी (डिटेक्टिव्ह हा शब्द त्याला आवडायचा नाही) आपल्या हवेत वाढला आहे. त्याला मराठी फुग्यात बोलायला लावणं म्हणजे उपरं काही आणणं नव्हे.

‘एक शून्य शून्य’चं काम वेगळं आणि अवघडही. शंभर हा पोलिसांचा क्रमांक होता, हेच आजच्या मुलांना सांगावं लागेल, त्यांना ११२ माहीत. बी. पी. सिंग यांनी ती मालिका केली, शिवाजी साटम तीत होते आणि पुढे याच दोघांनी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ सुरू केलं. त्या काळातल्या तपासात ट्रंककॉल असतो, तार असते, कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ असतो, काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी असते. तारेवर छापलेल्या वेळेवरून एखाद्याचं खोटं उघडं पडतं. २०१३ मध्ये बंद झालेली तार माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने पाहिलेली नाही. चित्रकाराने ती खरी काढली पाहिजे, कागदाच्या घडीसकट, चिकटवलेल्या पट्ट्यांसकट. रमेश भाटकर आता नाहीत, पण त्यांच्या ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधली मुंबई अशी नीट काढून ठेवली तर ती मुलांसाठी जिवंत राहील.

इथे हक्कांचा विषय येतो. मी वकील नाही, पण तीन महिने यात घातले आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. शरदिंदूबाबू १९७० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांचा हक्क २०३० च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहे. चित्रीकरणाचा हक्क वेगळा, तो प्रसारणापासून साठ वर्षं. म्हणजे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, चित्रीकरण तिसऱ्याचं आणि चेहरा नटाचा. त्या काळात अनेक मालिका बाहेरच्या निर्मात्यांनी प्रायोजकांच्या पैशांतून केल्या, त्यामुळे कुणाचा हक्क कुठे पोचला हे शोधतानाच माणूस दमतो. मी एका कार्यालयाला दोन पत्रं पाठवली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की संबंधित विभागाकडे विचारणा करावी. संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नव्हतं.

म्हणून हक्कदारांना माझी विनंती अगदी छोटी आहे. एक यादी जाहीर करा. कोणती मालिका, कथेचा हक्क कुणाकडे, चित्रीकरणाचा कुणाकडे, परवानगीसाठी कुणाला लिहायचं. एवढं झालं तरी एखादा छोटा प्रकाशक पुढचं पाऊल टाकू शकेल. आणि ज्या टेप अजून चालतात त्यांतली स्थिरचित्रं काढून ठेवा. चुंबकीय टेप कायम टिकत नाही. चित्रकाराला त्या काळातलं टेबल, बटणं, पोलिसचौकीचा बाक कसा होता हे त्या चित्रांवरूनच कळणार आहे.

प्रकाशकांशी मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे. गेल्या वर्षी मी मुलांच्या वह्या घेऊन तुमच्यापैकी एकांच्या कार्यालयात गेले होते. नाव लिहीत नाही, ते सभ्य गृहस्थ होते, चहा दिला. तीन गोष्टी म्हणाले. खून-चोऱ्या मुलांना द्यायच्या नसतात. मराठी कॉमिक्स खपत नाहीत. आणि मुलं मोबाइलवर असतात.

खुनाचं सांगते. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी कडक आचारसंहिता आली तेव्हा डेल कंपनी तीत गेली नाही. आमची कॉमिक्स निर्मळ असतील असं तिने पालकांना स्वतःच वचन दिलं होतं आणि त्या वचनात राहून तिने ‘पीटर गन’ही काढलं. रक्त न दाखवताही गुन्हा सांगता येतो. माझ्या विद्यार्थ्याच्या गोष्टीत एक किल्ली हरवली होती आणि सदतीस माणसं श्वास रोखून बसली होती. मुलांना गुन्ह्याची भूक नसते. मोठी माणसं खोटं बोलतात हे त्यांना ठाऊक असतं आणि ते पकडता येतं का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

खपाचे आकडे माझ्याकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत. पण बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसाने त्या वाचनालयांतून रांगा लावून वाचल्या. आमच्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालतंय, ते वाचकांवरच चालतंय. माझी आई सातवी शिकलेली, तिने वाचनाची सवय अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या बोटाला धरून लावून घेतली आणि नंतर ती काहीही वाचायला लागली. रहस्यकथेने ज्या भाषेत वाचक घडवले, त्या भाषेत रहस्यकथा खपणार नाही हे मला पटत नाही. तुम्ही मुलांना परवडेल असं काही ठेवलंय का हे आधी बघू या. बत्तीस पानं, चांगला कागद, किंमत शंभराच्या आत, आणि पुस्तकप्रदर्शनाखेरीज स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं. मुलं तिथे जातात.

मोबाइलचं खरं आहे. पण मोबाइलवर ती काय बघतात तेही बघा. ‘सीआयडी’तला दार तोडणारा दया माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१८ मध्ये वीस वर्षांनी मालिका थांबली तेव्हा यांतली काही मुलं पहिलीतही नव्हती. तुकडे बघून बघून ओळख झाली आहे. त्यांना आख्खी गोष्ट हवी आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये दिवे न जाता.

खारीगावचा तो मुलगा यंदा दहावीत गेला. दुसरी वही त्याने आणि आणखी चौघांनी मिळून घेतली आहे. या वेळी गोष्ट कळवा खाडीच्या पुलावरची आहे, पहाटेच्या धुक्यातली. अकरा पानं शाईने पक्की झाली आहेत, उरलेली पेन्सिलीत आहेत आणि खुनी कोण हे ती मला सांगायला तयार नाहीत. दोन्ही वह्या शाळेत माझ्या कपाटात आहेत. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते आणि मुलं साडेबारापर्यंत चित्रकलेच्या वर्गात बसलेली असतात. तुमच्यापैकी कुणी आलंत तर त्यांना आधी कळवू नका, नाहीतर ती पानं नीटनेटकी करत बसतील. मला बोटांचे डाग असलेली पानं तुम्हाला दाखवायची आहेत.

आपली विश्वासू,
ठाण्यातली एक चित्रकला शिक्षिका